पन्नास नंबरचं ऑइल आणि योहानमामांचा कान

माझ्या गिऱ्हाइकांना ऑइलच्या डब्यावरचे आकडे शाळेतल्या मार्कांसारखे वाटत. वीसपेक्षा चाळीस बरे, चाळीसपेक्षा पन्नास बरे, आणि पन्नासच्या वर काही असेल तर ते वहिनींनी मागे लपवून ठेवलेलं आहे. "साठचं न्हाई का?" हा प्रश्न मी एकोणीस वर्षं ऐकला. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर मलाच समजावलं होतं, "वहिनी, इंजन म्हातारं झालंय. त्याला कमी मार्काचं पाजून कसं भागंल?"

शिरूरला नगर रस्त्यावर आमचं इंजिन ऑइलचं दुकान होतं. सुरू नवऱ्यानं केलं. मग रांजणगावला कारखाने आले, त्यांना तिथं स्टोअरमध्ये नोकरी लागली. "दोन महिने तू बघ, मग माणूस ठेवू," असं ते म्हणाले. तो माणूस मीच ठरले. मी बी.ए., विषय इतिहास. माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं, त्यामुळे इंजिन म्हणजे ज्याच्या शिट्टीवर घरातलं घड्याळ लावतात ती वस्तू, एवढंच ज्ञान. कंपनीच्या माणसानं एक पुस्तिका दिली होती, ती मी दोनदा वाचली. एवढ्या भांडवलावर मी शिरूर तालुक्यातली बऱ्यापैकी जाणकार ठरले, कारण ती पुस्तिका दुसऱ्या कुणीच उघडली नव्हती.

सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "शेठ कुठं गेले?"

"कामावर."

"मग येतो नंतर."

यावर मी एक उपाय काढला. समोर गॅरेज होतं. गिऱ्हाइकाला म्हणायचं, "त्या मिस्त्रीला विचारून या." मिस्त्री विचारायचा, वहिनी काय म्हणाल्या? गिऱ्हाईक ते सांगायचं. मिस्त्री मान हलवून तेच परत सांगायचा. माझं मत रस्ता ओलांडून गेलं की तज्ज्ञाचं होत असे. रस्ता काही फार रुंद नव्हता.

आता ते आकडे काय असतात ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डब्यावर 'वीस डब्ल्यू चाळीस' लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. गार इंजिनात ऑइल किती सहज वाहील, ते तो सांगतो. तो जितका लहान तितकं बरं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला. ऑइल तापलं की पातळ होतं. पातळ होऊनही किती दाटपणा टिकवील, ते हा सांगतो. काही डब्यांवर डब्ल्यू नसतंच, नुसतं चाळीस किंवा पन्नास. हे ऑइल तापल्यावर ठीक, पण थंडीत काकवीसारखं. रात्रभर ते इंजिनाच्या तळाला जाऊन बसतं. सकाळी चावी फिरवली की पंपानं ते वर उचलायचं असतं. काकवी वर चढेपर्यंत वरचं लोखंड लोखंडावर कोरडं घासतं. इंजिन पुण्याला जाऊन येण्यात झिजत नाही इतकं त्या पहिल्या मिनिटात झिजतं.

पण गिऱ्हाइकाची परीक्षा वेगळी. तो डब्यात बोट बुडवणार, अंगठा आणि बोटात ऑइल चोळणार, डोळे बारीक करणार आणि निकाल देणार: "पातळ हाय." चिमटीत दाट लागलं म्हणजे दम आहे. इंजिन आत किती तापतं आणि चिमूट किती गार असते, हा फरक कुणाच्या हिशेबात नसे. म्हणून मी काचेच्या दोन बाटल्या करून ठेवल्या होत्या. एकीत वीस-चाळीस, दुसरीत नुसतं पन्नास, आणि दोन्हींत एकेक काचेची गोटी. शेजारच्या लस्सीवाल्याच्या बर्फात त्या अर्धा तास ठेवायच्या आणि मग उलट्या धरायच्या. पहिल्या बाटलीतली गोटी खाली पोहोचायची, दुसरीतली अजून विचार करत असायची. लोक कौतुकानं बघायचे, आणि पन्नास मागायचे.

जुन्या इंजिनाला जाड ऑइल, यात काहीच तथ्य नाही असं मात्र नाही. इंजिन झिजलं की फटी वाढतात. तेव्हा वीस-चाळीसच्या जागी वीस-पन्नास, म्हणजे तापल्यानंतरचा आकडा एक पायरी वर घ्यायला हरकत नसते. पण आधी बघायचं, की ऑइल कमी का होतंय. गळतंय, की निळा धूर होऊन जातंय? तापल्यावर प्रेशरचा काटा कुठं उभा राहतो? आतून ठोका येतो का? एवढं बघितल्यावर एक पायरी, त्याहून जास्त नाही. न्हावऱ्याचे एक आप्पा दर आठवड्याला लिटरभर ऑइल वरून ओतायचे आणि जुनं कधीच काढायचे नाहीत. मी म्हटलं, आप्पा, कधी बदलता तरी? म्हणाले, "बदलायचं कशापायी? आठवड्याला नवं पितंयच की." मी लिटरचा डबा काढून दिला.

आणि जाड ऑइलचा एक उपयोग पुस्तिकेत नव्हता, तो मला पोपटरावांनी शिकवला. पोपटराव जुन्या जीपा आणि टेम्पो विकायचे. पांढरं धोतर, गळ्यात चेन, बोलणं अगदी गोड. दोन-तीन आठवड्यांनी एकदा यायचे आणि पाच लिटर नुसतं पन्नास घ्यायचे. कुठल्या गाडीला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. झिजलेल्या इंजिनात ते काकवीसारखं ऑइल भरलं की महिनाभर धूर दबतो, ठोका दबतो, गाडी लोण्यासारखी चालते. महिनाभरात गाडी विकली जाते. मी ऑइल विकते, गाडी विकत नाही, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं. ते मला पुष्कळ दिवस पुरलं.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरचा एक नोव्हेंबर महिना. दौंडचे योहानमामा दुकानात आले. मामा माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, लोकोशेडला फिटर, आमच्या दोन घरं पलीकडे राहायचे. वाफेची इंजिनं होती तेव्हा शेडात एक पद्धत होती: आत काय बिघडलंय यावर दोन फिटरांचं एकमत होईना, की योहानला बोलवा. मामा हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि सांगायचे, अमुक ठिकाणी उघडा. उघडलं की तिथंच निघायचं. निवृत्त झाल्यावर त्या कानाला काम उरलं नव्हतं. दोन वर्षं त्यांनी शेजाऱ्यांचे मिक्सर ऐकले.

त्या दिवशी ते खुशीत होते. "सुले, जीप घेतली. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत पहिल्या पाळीच्या बाया न्यायच्या. दौंड टेशनातून सकाळी सव्वासहाला, सातच्या आत गेटावर. पक्कं झालंय."

"कुणाकडून घेतली?"

"पोपटराव म्हणून हाय कुणी तुमच्या शिरूरचा. पण मी त्याच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. कान लावला. आत निस्ती साय, पोरी! असं इंजन आता मिळत न्हाई."

पोपटराव आदल्याच गुरुवारी पाच लिटर पन्नास घेऊन गेले होते. जीप माझ्या दारात उभी होती, नवा रंग, चाकांना पॉलिश. आता व्यवहार होऊन गेलाय, असा विचार मी केला. मामा किती दिवसांनी एवढं हसतायत, असाही केला. आणि विचारलं, "मामा, चहात साखर किती?"

डिसेंबरच्या मध्याला, एका शनिवारी, मामा परत आले. या वेळी चहा नको म्हणाले. थंडी पडल्यापासून जीप सकाळी उठत नव्हती. सेल्फ मारला की कण्हायची, बॅटरी बसायची, शेजारीपाजारी ढकलायला यायचे. त्या आठवड्यात दोनदा उशीर झाला. कंपनीच्या टाइमकीपरनं सांगितलं होतं, तिसऱ्यांदा झाला तर जीप गेटावर आणू नका.

"उठत न्हाई ते बॅटरीचं बघतो मी," मामा म्हणाले. "दुसरंच एक हाय. गरम झाली की काटा खाली येतोय. म्हंजी ऑइल पातळ पडतंय. याच्याहून घट्ट दे."

"याच्याहून घट्ट म्हणजे डांबर आहे, मामा."

"चेष्टा नको करू. कंपनीत सांगितलंय, आख्ख्या कॉलनीत सांगितलंय. योहानची गाडी गेटावरनं परत आली म्हंजी तोंड कुठं लपवू?"

मी काउंटरच्या बाहेर आले. सांगायचं ते उभ्यानं सांगितलं, एका दमात. गाडीत पन्नास आहे. ते काढल्याशिवाय थंडीत ती उठणार नाही. ते काढलं की आतलं खरं काय ते दिसेल आणि ते चांगलं नसणार. आणि ते पन्नास माझ्याच दुकानातून गेलंय. तुम्ही जीप घेऊन आलात त्या दिवशीही मला माहीत होतं.

मामांनी रस्त्यावरून जाणारी एस.टी. बघितली. मग म्हणाले, "काढ."

समोरच्या मिस्त्रीनं इंजिनाच्या तळाला ऑइलचा चेंबर असतो, त्याचा नट खोलला. ते ऑइल धारेनं पडत नव्हतं, दोरीसारखं उतरत होतं. वीस-चाळीस भरलं, गाडी चालू केली, तापू दिली. दहा मिनिटांनी तो आवाज आला. टक, टक, टक. दारावर कुणी बोटानं वाजवावं तसा. मला ऐकू आला, मिस्त्रीला आला, लस्सीवाल्यालाही आला. मामांनी तरीही स्क्रूड्रायव्हर काढला, टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. डोळे मिटले. एवढ्या मोठ्या आवाजाला कान लावायची काही गरज नव्हती, पण त्यांना कुणी अडवलं नाही.

"तिसरा कनेक्टिंग रॉड," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय."

मी म्हटलं, "मामा, चूक माझी आहे. मी पोपटरावांना विकायला नको होतं."

"दुकानात ऑइल इकायलाच ठेवल्यालं असतंय," मामा स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाले. "कान माझा व्हता."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या सहज पचवल्या असत्या.

पोपटरावांचं इथंच सांगून टाकते. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी विचारलं, "कुठल्या गाडीला?" ते हसले. "वहिनी, आज एकदम चौकशी?" मी परत विचारलं. ते हसत हसत गेले आणि पुन्हा आले नाहीत. बाजारात ऑइलची आणखी तीन दुकानं होती. शिरूरच्या जुन्या जीपा त्यानंतरही विक्रीच्या दिवशी लोण्यासारख्या चालत होत्या. माझं एक गिऱ्हाईक तेवढं कमी झालं. त्याआधीच्या जीपा कुणीकुणी घेतल्या असतील, याची यादी मी केली नाही. ती केली नाही, हे मला अजून आठवतं.

मामा शनिवारी रात्री आमच्याकडेच राहिले. रविवारी जीपला सुट्टी होती. मामांनी दुकानामागच्या मोकळ्या जागेत पोतं अंथरलं, गाडीखाली शिरले आणि चेंबर उतरवला. उजेडाला हातातली बॅटरी धरायला मी. पिस्टनचा रॉड आणि तो ज्याला फिरवतो तो क्रँक यांच्या मध्ये धातूच्या दोन अर्धगोल वाट्या असतात, ते बेअरिंग. मामांनी जुनी वाटी बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. वरची चांदीसारखी चकाकी जाऊन खालचं तांबं दिसत होतं. "हे बघून ठेव," म्हणाले, "निस्त्या आकड्यांवर दुकान चालवतीस." नशीब एवढंच, की क्रँक शाबूत होता. चारही रॉडच्या वाट्या नव्या घातल्या. दुपारी चारला चेंबर परत बसवून मामा बाहेर आले आणि आमचं भांडण सुरू झालं.

"चाळीस दे. निस्तं चाळीस."

"वीस-चाळीस देते. तापल्यावर दोन्ही सारखीच. सकाळी हे लवकर चढतं."

"तीस वरसं इंजनं बघितली मी. घट्ट तेलावर चालायची. मेलट्रेन वढायची, बायांची जीप न्हाई."

"ती इंजिनं तुम्ही गार कधी होऊ देत होतात? आणि ती वाफेची होती, मामा. त्यांचं आणि याचं काय नातं?"

"लोखंड हाय ना दोन्हीत?"

मी बर्फातल्या बाटल्या आणून उलट्या करून दाखवल्या. मामांनी दोन्ही गोट्यांचा प्रवास शेवटपर्यंत बघितला. "गोट्या खेळायचं वय गेलं माझं," म्हणाले.

शेवटी मी म्हटलं, "उद्याचा एक दिवस माझा. परवापासून तुम्हाला पाहिजे ते घाला." यावर ते तयार झाले, कारण उद्या बिघडलं तर परवा उरणारच नव्हता आणि दोष माझ्यावर आला असता. मी वीस-चाळीस मोजून भरलं. आणि नवऱ्याला दोन वेळच्या जेवणाचं सांगून त्याच जीपमधून न्हावऱ्यावरून दौंडला गेले, माहेरी मुक्कामाला. मला सकाळी ती गाडी उठताना बघायची होती. पुस्तिकेवर माझा विश्वास होता. पण तो मी आतापर्यंत दुसऱ्यांच्या गाड्यांवरच वापरला होता.

सोमवारी पावणेसहाला शाल गुंडाळून बाहेर आले. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मामांच्या दारात शेगडी पेटलेली, तिच्यावर मोठं पितळी पातेलं, आणि मामा पळीनं काहीतरी ढवळतायत. जवळ गेल्यावर वासावरून कळलं.

"मामा, हे काय?"

"तुझंच ऑइल हाय. दुसरा थेंब न्हाई त्यात. काल आल्यावर गरम व्हतं तवाच काढून ठिवलं."

"पण तापवताय कशाला?"

"गार तेल इंजनात घालत्यात व्हय? शेडात तेलाची बुधली फायरबॉक्सच्या वर ठिवल्याबिगर ड्रायव्हर गाडीला हात लावत नव्हता."

"अहो, पण हे गार असतानाच वाहतं! त्याच्यासाठी तर दिलंय."

"वाहतंय ना? मग ऊन केल्यावर आनखी वाहील. तुला वाईट का वाटतंय?"

दारातून मार्थामामी म्हणाल्या, "तिचं ऱ्हाऊ द्या. पातेलं माझं हाय. नाताळ धा दिसांवर आलाय. करंज्या कशात तळू? ह्याच तेलात?"

मामांनी करंगळी बुडवून बघितली, पातेलं फडक्यानं उचललं आणि सगळं ऑइल गाळणीतून इंजिनात ओतलं. एव्हाना कॉलनीतले चार-पाच निवृत्त लोक मफलर बांधून जमले होते. ढकलायची सवय झाली होती त्यांना. माझे वडीलही त्यांत होते. मामा आत बसले. छातीवर क्रूस काढला नाही, ते त्यांच्यात नसतं. पण ओठ हलले. चावी फिरवली.

पहिल्याच सेल्फला जीप चालू झाली. ठोका नाही, धूर नाही. ढकलायला आलेल्यांची थोडी निराशा झाली. मी पुढच्या सीटवर चढून बसले. स्टेशनवरून आठ बाया घेतल्या. कुरकुंभच्या गेटावर पोहोचलो तेव्हा सातला वीस मिनिटं होती. टाइमकीपरनं घड्याळ बघितलं, मामांकडे बघितलं आणि वहीत टिक केली. मामा जीप परत फिरवताना एवढंच म्हणाले, "बघितलंस? शेडाची रीत."

कुणाच्या गुणानं गाडी उठली, हे ठरवायचा मार्ग मामांनी स्वतःच बंद करून टाकला होता. मी शिरूरला परतले ती अर्धी जिंकून, आणि अर्धं जिंकणं फार चिडवणारं असतं.

मामा रोज तेच करत राहिले. संध्याकाळी गरम ऑइल काढायचं, पहाटे शेगडीवर ऊन करायचं, परत ओतायचं. एवढ्या लाडानं इंजिनाला कुणी जेवू घातलं नसेल. हे आठवडाभर चाललं. मग नाताळच्या दोन दिवस आधी मार्थामामींनी पातेलं राखेनं तीनदा घासलं आणि न सांगता बहिणीकडे पाटसला नेऊन ठेवलं. संध्याकाळी मामांनी घरभर पातेलं शोधलं. दुसऱ्या भांड्याला मामींनी हात लावू दिला नाही. ऑइल रात्रभर गाडीतच राहिलं, गार.

हे सगळं मला वडिलांनी फोनवर सांगितलं. त्या पहाटे मामा जीपमध्ये बसले, बराच वेळ चावी फिरवेनात. मग फिरवली. पहिल्या सेल्फला चालू. जीप सव्वासहाला स्टेशनवर होती. नवीन वर्षातही रोज होती, आणि पातेलं पाटसहून परत आल्यावरही शेगडीवर चढलं नाही.

"मग माझ्या ऑइलबद्दल काही म्हणाले का?" मी विचारलं.

"म्हणाला ना," वडील म्हणाले. "त्या दिवशी थंडी जरा कमी होती म्हणाला."